अदिस अबाबा : मूळ धरलेली राजधानी

मराठी इतिहासाच्या वाचकाला इथिओपिया हा देश वाटतो तितका परका नाहीं. जुन्या कागदपत्रांतून ज्यांचा उल्लेख 'हबशी' म्हणून येतो, ते मूळचे याच देशाचे आणि त्याच्या लगतच्या मुलखाचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्याला 'हबसाण' हें नांव पडलें तें त्यावरूनच. निजामशाहीचा डोलारा ज्यानें पडतां पडतां सांवरला आणि १६१० मध्यें खडकी हें नगर वसविलें, तो मलिक अंबर जन्मानें इथिओपियाचा. त्याची खडकी पुढें औरंगाबाद झाली आणि आतां छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. परंतु नगर वसविणारा असा पुरुष ज्या देशानें दक्षिणेला दिला, त्या देशाच्या सम्राटांना स्वतःची कायमची राजधानी मात्र क्वचितच लाभली. ती लाभली अगदीं अलीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीहि एका परदेशी झाडाच्या आधारानें. त्या राजधानीचें नांव अदिस अबाबा.

इथिओपियाचा इतिहास फार प्राचीन आहे. उत्तरेकडील अक्सुम येथें ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत एक वैभवशाली राज्य नांदत होतें, आणि चौथ्या शतकांत तेथील एझाना राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें लालिबेला येथें अखंड खडकांतून कोरून काढलेलीं देवालयें उभीं राहिलीं. परंतु मध्ययुगांतील सम्राटाचा दरबार म्हणजे एक अफाट छावणीच असे. सरदार, शिपाई, धर्मगुरु, खेंचरें, स्वयंपाकी, बाजारकरी असा हजारोंचा मेळा एके ठिकाणीं उतरला, कीं आसपासचें धान्य संपावयाचें आणि जंगल तुटावयाचें. सरपण मिळेनासें झालें म्हणजे तंबू उखडावयाचे आणि दुसरें पठार गांठावयाचें. १६३६ मध्यें फासिलिदस सम्राटानें गोंदर वसविलें आणि पुढें दोन शतकें राजधानी तेथें राहिली, हा त्यांतला मोठा अपवाद. त्यानंतर पुन्हा फिरस्ती सुरू झाली. तेवोद्रोस सम्राटानें मगदालाच्या डोंगरी किल्ल्याचा आश्रय केला. १८६८ मध्यें मुंबईच्या लष्कराचा सेनापति नेपियर याच्या हाताखालीं गेलेल्या इंग्रज फौजेनें तो किल्ला घेतला, तेव्हां तेवोद्रोसानें स्वतःचा अंत करून घेतला. त्याच्यामागून आलेल्या योहान्नेसानें मेकेले येथें ठाणें दिलें. राजा बदलला कीं राजधानी बदलावयाची, हाच जणूं नियम होता.

शोआ प्रांताचा राजा मेनेलिक यानें आपला तळ एन्तोतो नांवाच्या डोंगरावर ठेवला होता. हा डोंगर समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून अधिक उंच. शत्रूपासून बचाव करण्यास जागा उत्तम. परंतु वारा बोचरा, थंडी कडक आणि पाण्याची व लांकडाची वाण. पायथ्याशीं फिलवोहा येथें ऊन पाण्याचे झरे होते आणि दरबारची मंडळी तेथें स्नानासाठीं उतरत. मेनेलिकाची राणी तायतू हिला ती सखल, उबदार जागा आवडली. मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८८६ मध्यें, तिनें तेथें घर बांधविलें आणि त्या जागेला अदिस अबाबा असें नांव दिलें. अम्हारिक भाषेंत त्याचा अर्थ होतो 'नवें फूल'. सरदारांनीं राणीच्या घराभोंवतीं आपापलीं घरें बांधलीं आणि हळूहळू डोंगरावरची छावणी खालीं उतरली. तथापि १८८९ मध्यें मेनेलिक सम्राट झाला, तो राज्याभिषेक एन्तोतोवरील मरियमच्या अष्टकोनी देवालयांतच झाला. म्हणून अदिस अबाबा पाहावयास जाणाऱ्यानें प्रारंभ शहरापासून न करतां या डोंगरापासून करावा. मरियमचें देवालय आणि मेनेलिकाचा साधा वाडा तेथें उभा आहे, आणि तेथून खालीं पसरलेलें सबंध शहर एका दृष्टिक्षेपांत दिसतें.

नव्या फुलाला कोमेजण्यास मात्र फार काळ लागणार नव्हता. वस्ती वाढली, घरांना व चुलींना लांकूड लागूं लागलें आणि दहा-पंधरा वर्षांत आसपासच्या टेंकड्या बोडक्या झाल्या. सरपण दुरून आणावें लागूं लागलें. तेव्हां मेनेलिकानें पूर्वजांचाच मार्ग धरला. पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर, दाट झाडीच्या प्रदेशांत, १९०० च्या सुमारास त्यानें नवी राजधानी बांधावयास घेतली आणि तिचें नांवहि ठरविलें: अदिस आलेम, म्हणजे नवें जग. त्या वेळीं अदिस अबाबा वांचली ती निलगिरीच्या झाडामुळें. ऑस्ट्रेलियांतून आलेलें हें झाड १८९० नंतरच्या दशकांत इथिओपियांत लावण्यांत आलें होतें. त्याची वाढ झपाट्याची, तोडलें तरी बुंध्यापासून पुन्हा फुटणारें, सरळसोट आणि थंडीस न भिणारें. सम्राटानें त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. घरोघरच्या आवारांतून आणि एन्तोतोच्या उतारावर तें भराभर वाढलें. चूल पेटती राहिली आणि राजधानी जागची हलली नाहीं. अदिस आलेम येथील राजवाड्याचें पुढें देवालय करण्यांत आलें, तें आजहि पाहावयास मिळतें. इथिओपियांत निलगिरीला 'बाहिर झाफ' म्हणतात. अर्थ, समुद्रापलीकडचें झाड.

शहरानें जमिनींत मूळ धरलें तें असें. लोकांच्या मनांत मूळ धरण्यास मात्र कारण झाली एक लढाई. १८८९ मध्यें मेनेलिकानें इटलीशीं वुचाले येथें तह केला. त्याच्या १७ व्या कलमाच्या दोन भाषांतील दोन प्रती जुळत नव्हत्या. परराष्ट्रांशीं व्यवहार करतांना सम्राटाला हवें तर इटलीचें साहाय्य घेतां येईल, असें अम्हारिक प्रतींत होतें. तें घेतलेंच पाहिजे, असें इटालियन प्रतींत होतें. एका क्रियापदाच्या फरकानें स्वतंत्र देश मांडलिक ठरत होता. मेनेलिकानें तह झुगारला. १ मार्च १८९६ रोजीं अदवा येथें सुमारें १७ हजारांची इटालियन फौज आणि सुमारें एक लक्ष इथिओपियन योद्धे यांची गांठ पडली. राणी तायतू स्वतः आपलें सैन्य घेऊन रणांगणावर होती. इटलीचा पुरा मोड झाला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अदिस अबाबा येथें झालेल्या तहान्वयें इथिओपियाचें निखालस स्वातंत्र्य इटलीला मान्य करावें लागलें. युरोपीय राष्ट्रें आफ्रिका खंड वांटून घेत असतां मिळालेला हा विजय त्या खंडाला कायमचा आठवणींत राहिला.

शहराच्या मध्यभागीं असलेलें संत जॉर्जचें अष्टकोनी देवालय हें या विजयाचें स्मारक होय. १९१७ मध्यें सम्राज्ञी झौदितूचा आणि २ नोव्हेंबर १९३० रोजीं हैले सेलासीचा राज्याभिषेक याच देवालयांत झाला. देवालयापासून जवळच चौकांत मेनेलिकाचा अश्वारूढ पुतळा आहे. हैले सेलासीच्या राज्यारोहणाच्या प्रसंगीं त्याचें अनावरण झालें. याच भागांत २०२४ मध्यें अदवाच्या विजयाचें मोठें स्मारक व संग्रहालयहि उघडण्यांत आलें आहे. येथून दक्षिणेस उतरत गेलें म्हणजे जुनें रेल्वे-स्टेशन लागतें. लाल समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या जिबूती बंदरापासून निघालेली सुमारें ७८४ किलोमीटरांची लोहमार्गाची वाट १९१७ मध्यें येथवर पोंचली. ती जुनी गाडी आतां बंद आहे. २०१६ मध्यें तिच्या जागीं विजेची नवी रेल्वे आली आणि तिचें स्टेशन शहराबाहेर आहे. जुन्या स्टेशनासमोर यहूदाच्या सिंहाचा पुतळा आहे. सिंह हें इथिओपियन राजवंशाचें चिन्ह.

या दोन्ही पुतळ्यांना एक इतिहास आहे आणि तो त्यांच्या शिल्पाहून अधिक बोलका आहे. अदवाचा पराभव इटली विसरली नव्हती. ऑक्टोबर १९३५ मध्यें मुसोलिनीच्या फौजा विमानें आणि विषारी वायु घेऊन इथिओपियांत शिरल्या. २ मे १९३६ रोजीं सम्राटानें राजधानी सोडली आणि ५ मे रोजीं मार्शल बादोलिओ शहरांत आला. ३० जूनला हैले सेलासीनें जिनीव्हा येथें राष्ट्रसंघापुढें आपली फिर्याद मांडली; राष्ट्रसंघानें ती ऐकून घेतली आणि केलें कांहींच नाहीं. जेत्यांनीं मेनेलिकाचा पुतळा पाडून पुरून टाकला आणि यहूदाचा सिंह रोमला नेला. अक्सुमचा एक प्रचंड पाषाणस्तंभहि त्यांनीं उचलून रोमच्या रस्त्यावर उभा केला. दुसऱ्याचें राज्य घेतां येतें, पण त्याची आठवण तेथें राहिली तर तें टिकत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें.

त्या पांच वर्षांच्या खुणा शहराच्या नांवांतूनहि उरल्या. देवालयाभोंवतालच्या भागाला 'पियात्सा' हें इटालियन नांव चिकटलें. गोरे व काळे यांच्या वस्त्या वेगळ्या करावयाच्या म्हणून देशी लोकांचा बाजार पश्चिमेकडे हलविण्यांत आला. तोच आजचा 'मेर्काटो'. आफ्रिकेंतील सर्वांत मोठ्या खुल्या बाजारांत त्याची गणना होते. कॉफी, मसाले, कापड, जुनें लोखंड, टोपल्या यांच्या गल्ल्या-गल्ल्यांतून हिंडतांना पाहुण्याला क्वचितच आठवतें, कीं या बाजाराची जागा मुळांत वंशभेदानें ठरविलेली आहे.

परंतु या शहराला जी सर्वांत खोल जखम झाली, ती पाहण्यासाठीं उत्तरेकडील सिदिस्त किलो या चौकांत गेलें पाहिजे. १९ फेब्रुवारी १९३७ रोजीं, इथिओपियन पंचांगाप्रमाणें येकातित महिन्याच्या १२ तारखेस, जवळच्या राजवाड्यांत इटालियन व्हॉइसरॉय ग्रात्सियानी गरिबांना दानधर्म करीत होता. अब्राहा देबोच आणि मोगस असगेदोम या दोन एरिट्रियन तरुणांनीं त्याच्यावर हातबाँब फेंकले. ग्रात्सियानी जखमी झाला, वांचला. त्यानंतर तीन दिवस फॅसिस्ट शहरांत मोकाट सुटले. लोकांना घरांत कोंडून घरें पेटविण्यांत आलीं; संत जॉर्जच्या देवालयालाहि आग लावण्यांत आली. मृतांचा आंकडा इथिओपियन सरकारनें ३०,००० सांगितला. इयन कॅम्पबेल या संशोधकाच्या मतें तो सुमारें १९,००० होता. चौकांतील उंच स्तंभावर त्या तीन दिवसांचीं दृश्यें उठावांत कोरलेलीं आहेत. ज्या राजवाड्यांत हा प्रकार घडला, तो सम्राटानें १९६१ मध्यें विश्वविद्यालयाला दिला आणि आतां तेथें इथिओपियन जनजीवनाचें उत्कृष्ट संग्रहालय आहे. त्याच्यासमोर एक जिना एकटाच आकाशाकडे गेलेला दिसतो. फॅसिस्ट राजवटीच्या प्रत्येक वर्षामागें एक पायरी, या हिशेबानें तो इटालियनांनीं बांधला. पुढें इथिओपियनांनीं तो पाडला नाहीं. वरच्या टोंकावर एक लहानसा सिंह तेवढा बसविला. त्या जिन्याला याहून चोख उत्तर देतां आलें नसतें.

१९४१ मध्यें मुक्ति आली. उत्तरेकडे एरिट्रियांतील केरेनच्या दुर्गम डोंगरावर जी निकराची लढाई झाली, तींत चौथ्या व पांचव्या हिंदी डिव्हिजननीं भाग घेतला आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणहि होती. केरेन पडलें आणि इटालियनांचा उत्तरेकडील कणा मोडला. ५ मे १९४१ रोजीं, शत्रु शहरांत शिरल्याला बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, हैले सेलासी आपल्या राजधानींत परतला. मेनेलिकाचा पुतळा पुन्हा उभा राहिला. सिंह १९६० नंतरच्या दशकांत रोमहून परत आला. अक्सुमचा स्तंभ येण्यास २००५ साल उजाडावें लागलें. पवित्र त्रैक्याच्या मोठ्या देवालयांत या युद्धांतील देशभक्तांच्या समाध्या आहेत, आणि देवालयासमोर सिल्व्हिया पँकहर्स्ट या इंग्रज बाईंची कबर आहे. इंग्लंडांत स्त्रियांच्या मताधिकारासाठीं तुरुंगवास भोगलेल्या या बाईंनीं १९३६ पासून इथिओपियाची बाजू मांडणारें वृत्तपत्र चालविलें. त्या १९६० मध्यें अदिस अबाबा येथेंच वारल्या.

परकीय शत्रूची आठवण जपणें सोपें असतें. स्वकीयांनीं केलेल्या अत्याचारांची आठवण जपणें अवघड. १२ सप्टेंबर १९७४ रोजीं लष्करी अधिकाऱ्यांच्या 'देर्ग' नांवाच्या मंडळानें वृद्ध सम्राटाला पदच्युत केलें. २३ नोव्हेंबरला साठ माजी मंत्री, सेनापति व इतर मोठे लोक चौकशीवांचून गोळ्या घालून ठार करण्यांत आले. आणि दुसऱ्याच दिवशीं, २४ नोव्हेंबरला, ईशान्येकडील हदार येथें डोनाल्ड जोहान्सन या शास्त्रज्ञाच्या पथकाला सुमारें ३२ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश मादीचा सांगाडा सांपडला. जगानें तिला 'ल्यूसी' म्हटलें. इथिओपियन लोक तिला 'दिन्किनेश' म्हणतात, म्हणजे 'तूं अद्भुत आहेस'. राष्ट्रीय संग्रहालयांत तिची प्रतिकृति मांडलेली आहे. मूळ अस्थि सुरक्षित कपाटांत ठेवल्या जातात. मानवजातीची एक आदिमाता आणि मानवाच्या क्रौर्याचा एक ताजा पुरावा, दोन्ही त्या देशाच्या पदरीं एका दिवसाच्या अंतरानें पडलीं.

सम्राट ऑगस्ट १९७५ मध्यें बंदिवासांत मरण पावला. त्याच्या अस्थि १९९२ मध्यें राजवाड्याच्या आवारांत सांपडल्या आणि ५ नोव्हेंबर २००० रोजीं त्रैक्याच्या देवालयांत त्यांचें विधियुक्त दफन झालें. १९७७ व १९७८ सालीं देर्गनें 'लाल दहशत' माजवून हजारों तरुणांचा बळी घेतला. देर्गनें १९८३ मध्यें उभारलेला लेनिनचा पुतळा १९९१ च्या मे महिन्यांत ती राजवट कोसळतांच लोकांनीं पाडला, आणि तो कोणी पुन्हा उभा केला नाहीं. मेस्केल चौकाच्या कडेला २०१० पासून 'लाल दहशती'च्या बळींचें संग्रहालय आहे. भिंतीभर लावलेले ते तरुण चेहरे पाहून बाहेर यावें, तर समोर तोच विस्तीर्ण चौक, जेथें दर सप्टेंबरांत खऱ्या क्रुसाच्या शोधाचा उत्सव होतो आणि पिवळ्या फुलांनीं सजविलेली प्रचंड होळी पेटवितात.

स्वतःचें स्वातंत्र्य राखलेल्या या शहराकडे पुढें सबंध खंड आशेनें पाहूं लागला. १९६१ मध्यें येथें 'आफ्रिका भवन' बांधून झालें. त्याचा वास्तुशिल्पी आर्तुरो मेत्सेदिमी इटालियन होता, ही इतिहासाची एक गंमतच. आंत अफेवर्क तेक्ले या इथिओपियन चित्रकारानें केलेल्या रंगीत कांचेच्या सुमारें १५० चौरस मीटरांच्या खिडक्या आहेत. आफ्रिकेचें दुःख, झुंज आणि आशा हा त्यांचा विषय. २५ मे १९६३ रोजीं याच भवनांत स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांनीं आपली संघटना स्थापिली. २००२ मध्यें तिची जागा आफ्रिकी संघानें घेतली. जो दरबार एका पठारावर चार वर्षें टिकत नसे, त्याच्या वारसांच्या शहरांत आज सबंध खंडाचा दरबार भरतो.

प्रवाशानें दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. इथिओपियन पंचांग तेरा महिन्यांचें असून इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षें मागें चालतें. त्या पंचांगाच्या सन २००० चा उत्सव या शहरानें सप्टेंबर २००७ मध्यें केला. आणि घड्याळ मोजतात तें सूर्योदयापासून, जशा जुन्या काळीं घटका मोजीत. कोणी सकाळीं 'एक वाजतां या' म्हटलें, तर इंग्रजी सातास हजर व्हावें. गेल्यावर कॉफी घेतल्यावांचून सुटका नाहीं. घरची बाई हिरवे दाणे समोरच भाजते, कुटते, मातीच्या सुरईंत उकळते आणि तीन वेळां पेले भरते. पहिल्याच पेल्यावर उठणें हा यजमानांचा अपमान समजतात.

आज अदिस अबाबा झपाट्यानें बदलत आहे. मेनेलिकाचा राजवाडा, जो शतकभर सामान्य माणसाला बंद होता, त्याचा मोठा भाग २०१९ मध्यें उद्यान म्हणून खुला झाला. एन्तोतोवर २०२० मध्यें नवें विहारस्थान झालें. पाणी शोषून घेणाऱ्या आणि आपल्याखालीं फारसें कांहीं उगवूं न देणाऱ्या निलगिरीऐवजीं तेथें देशी झाडें लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ मध्यें रुंद रस्ते आणि नव्या इमारतींसाठीं जुन्या पियात्साचा बराचसा भाग पाडण्यांत आला आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेल्या कुटुंबांना शहराच्या कडेला हलविण्यांत आलें. नगर सुधारावें हें योग्यच. परंतु ज्या घरांतून माणसांनीं इटालियनांचे तीन दिवस आणि देर्गचीं सतरा वर्षें काढलीं, तीं घरें गेल्यावर ती आठवण केवळ स्तंभांनीं व संग्रहालयांनीं पेलावयाची आहे, हेंहि विसरून चालणार नाहीं. एकेकाळीं सरपण संपलें कीं राजधानी उठून जात असे आणि रयत मागें राहत असे. आतां राजधानी जागच्या जागीं आहे आणि रयतेला बिऱ्हाड हलवावें लागत आहे.

शहराची ती पहिली गरज मात्र कधीं संपलीच नाहीं. सम्राट गेले, इटालियन आले आणि गेले, देर्ग आला आणि गेला. या साऱ्या काळांत एन्तोतोच्या उतारावरून निलगिरीच्या मोळ्या पाठीवर घेऊन, कंबरेंत वांकून, बायका शहराकडे उतरत राहिल्या. त्यांचा पुतळा कोणत्याहि चौकांत नाहीं. परंतु नव्या फुलाला शतकाहून अधिक काळ जगविलें, तें त्या मोळ्यांनींच.